छायाचित्राच्या पाठीवरचे नाव

जुन्या संदुकीत एखादे कृष्णधवल छायाचित्र सापडावे, त्यात चाकांच्या खुर्च्यांवरील खेळाडूंचे संचलन दिसावे आणि पाठीवर केवळ ‘स्टोक मँडेव्हिल’ एवढेच लिहिलेले असावे. पाहणाऱ्यास वाटेल, हा इंग्लंडमधील कुठल्याशा रुग्णालयाचा समारंभ असेल. प्रत्यक्षात ते चित्र रोमचे किंवा हायडेलबर्गचेही असू शकते!

२९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, डॉ. लुडविग गुटमन यांनी स्टोक मँडेव्हिल रुग्णालयाच्या प्रांगणात मणक्याला दुखापत झालेल्या सोळा जणांची तिरंदाजी स्पर्धा भरविली. तिचा विस्तार होत गेला. १९६० साली ती रोमला झाली, तेव्हा सुमारे चारशे खेळाडू आले होते. आज आपण तिला पहिली पॅरालिम्पिक म्हणतो. परंतु त्या वेळी तिचे अधिकृत नाव ‘आंतरराष्ट्रीय स्टोक मँडेव्हिल क्रीडास्पर्धा’ असेच होते. ‘पॅरालिम्पिक’ या नावास आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मान्यता मिळाली ती १९८४ मध्ये.

१९७२ ची स्पर्धाही त्याच मालिकेतील. म्युनिकचे क्रीडाग्राम ऑलिंपिकनंतर लगेच निवासी सदनिकांसाठी द्यावयाचे होते; म्हणून ती ऑगस्टमध्ये हायडेलबर्ग येथे घेण्यात आली. तेथे सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे सुपुत्र मुरलीकांत पेटकर यांनी पन्नास मीटर मुक्तशैली जलतरणात ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्णपदक जिंकले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेल्या या जवानाने भारताला पॅरालिम्पिकमधील पहिले वैयक्तिक सुवर्ण मिळवून दिले. ‘पद्मश्री’ मात्र त्यांना २०१८ साली, म्हणजे सेहेचाळीस वर्षांनी मिळाली.

समाजाची दृष्टी इतक्या उशिरा वळते, तेव्हा मधल्या काळात स्मृती सांभाळतात त्या घरातील जुन्या वस्तू. खेळाडू, परिचारिका, स्वयंसेवक यांनी स्वतःसाठी काढलेली छायाचित्रे हा या इतिहासाचा मोलाचा पुरावा आहे. मात्र नाव आणि तिथी नसलेले चित्र म्हणजे खातेदाराचे नाव नसलेली वहीतील रक्कम. ती जमा कोणाच्या खाती धरावी?

म्हणून अशी छायाचित्रे सापडल्यास चिकटलेली चित्रे ओढून काढू नयेत. संपूर्ण पानाचीच प्रतिमा घ्यावी. पाठीवरील मजकुराचीही प्रत अवश्य ठेवावी. नवी नोंद मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने करावी. शाई कागदातून उतरते. मूळ प्रतीवर प्लॅस्टिकचे आवरण कायमचे चिकटवू नये. पाठीवर जुने नाव असेल तर ते तसेच राखून आजचे नाव शेजारी लिहावे.

आणि सर्वांत आधी घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसून विचारावे : हे कोण, हे कुठले, हे केव्हाचे? चित्र पुढेही टिकेल. चेहरे ओळखणारी माणसे मात्र आजच आपल्यात आहेत.