स्वसंरक्षणाचे शिक्षण आणि प्रतिकाराची अपेक्षा

दिल्ली पोलिसांतर्फे स्त्रियांना व विद्यार्थिनींना स्वसंरक्षणाचे विनामूल्य शिक्षण २००२ पासून दिले जात आहे. १६ डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर राजधानीत व तिच्या परिसरात अशा वर्गांना विशेष महत्त्व आले. स्त्रीवादी विचार या शिक्षणाकडे काहीशा साशंकतेने पाहतो. ही साशंकता कराटेविषयी नाही. प्रतिकार न केलेल्या स्त्रीचे काय, या प्रश्नाविषयी आहे. तिचे एक मूळ विदर्भातील एका खटल्यात आहे.

२६ मार्च १९७२ रोजी तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोन पोलिसांना दोषी धरले. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले. मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, यास त्या निर्णयात मोठे वजन मिळाले. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या विधिशास्त्राच्या चार अध्यापकांनी सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले आणि शरणागती व संमती यांतील भेद स्पष्ट केला. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती गृहीत धरता येणार नाही, हे कायद्यात स्पष्ट शब्दांत यावयास मात्र २०१३ ची दुरुस्ती लागली. तेव्हा 'प्रत्येक मुलीने लढावयास शिकले पाहिजे' हे वाक्य वाटते तितके निरुपद्रवी नाही. त्याच्या आड जुनी अपेक्षाच पुन्हा उभी राहू शकते.

म्हणून शिक्षणच नाकारावे असे नव्हे. दिल्लीतील 'जागोरी' या १९८४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने 'वेनडो' ही पद्धती स्वीकारली. कॅनडात १९७० च्या दशकात विकसित झालेल्या या पद्धतीत स्त्रियाच स्त्रियांना शिकवितात. प्रहाराइतकेच महत्त्व आवाजाला, नकार उच्चारण्याला व अनुभवांच्या चर्चेला असते. मोठ्याने ओरडणे पुष्कळ जणींना ठोशापेक्षा अवघड जाते. लहानपणापासून हळू बोलण्याचे वळण लावलेले असते, हे विसरता येत नाही.

बहुतेक वर्गांत कल्पिलेला हल्लेखोर मात्र रस्त्यावरचा अनोळखी इसम असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी कार्यालयाच्या आकडेवारीनुसार नोंदलेल्या बलात्कारांपैकी दहांत नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी परिचित असतो. काका, शेजारी वा वरिष्ठ यांच्यावर कोपर उगारण्यापूर्वी ओलांडावी लागणारी भीती पटांगणावरच्या सरावात येत नाही. पतीच्या बाबतीत तर कायदाही हात आखडता घेतो. बलात्काराच्या उद्देशाने हल्ला झाल्यास खाजगी संरक्षणाचा हक्क हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंत पोहोचतो, असे भारतीय न्याय संहितेचे कलम ३८ सांगते. परंतु कलम ६३ मधील अपवादामुळे अठरा वर्षांवरील पत्नीशी पतीने केलेला संभोग बलात्कार ठरत नाही. त्यामुळे कलम ३८ मधील या विशिष्ट तरतुदीचा आधार घेणे तिला कठीण आहे.