कर्नेलची बांधणी आणि फाइल-सिस्टीमची निवड

आमच्या संगणक-वर्गांत लिनक्स वापरलें जातें. त्याचा गाभा, म्हणजे कर्नेल, मूळ स्वरूपांत कोणासही मिळतो व आपल्या गरजेप्रमाणें पुनः बांधतां येतो, हें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. परंतु ह्या बांधणींतील ज्या एका प्रकरणाकडे दुर्लक्ष केल्यास सारे श्रम फुकट जातात, त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम फाइल-सिस्टीम म्हणजे काय तें पाहूं. डिस्क ही केवळ क्रमांक घातलेल्या खणांची लांबलचक रांग होय. कोणत्या खणांत कोणत्या फाइलीचा कोणता भाग आहे, तिचें नांव काय, ती कोणाच्या मालकीची, ही नोंद ठेवण्याची जी पद्धति, तीच फाइल-सिस्टीम. अशा पद्धति अनेक आहेत. लिनस टोर्व्हाल्ड्स ह्यांनीं १९९१ सालीं लिनक्स प्रसिद्ध केलें, तेव्हां त्यांत मिनिक्सची पद्धति होती. तिला डिस्कच्या एका भागांत ६४ मेगाबाइटांपलीकडे जातां येत नसे. म्हणून १९९२ सालीं ‘एक्सटेंडेड’ ही नवी पद्धति निघाली. ईएक्सटी ४ ही तिचीच चौथी पिढी २००८ सालीं पूर्णत्वास आली. पेनड्राइव्हवर बहुधा व्हीफॅट किंवा एक्सफॅट असते, तर विंडोजच्या डिस्कवर एनटीएफएस.

जी पद्धति कर्नेलला शिकविली नाहीं, ती त्यास वाचतां येत नाहीं. ‘मेक मेन्यूकॉन्फिग’ ही आज्ञा दिली म्हणजे पडद्यावर निवडीची यादी येते. तिच्या ‘फाइल सिस्टीम्स’ ह्या प्रकरणांत बहुतेक नांवांपुढें तीनपैकीं एक उत्तर द्यावयाचें असतें. ‘वाय’ म्हटल्यास ती पद्धति कर्नेलमध्येंच बांधली जाते. ‘एम’ म्हटल्यास तिचें निराळें मॉड्यूल होऊन डिस्कवर राहतें व गरज पडेल तेव्हां आंत घेतलें जातें. ‘एन’ म्हटल्यास ती मुळींच येत नाहीं.

आतां आमचीच चूक सांगतों. कर्नेल लहान राहावा, ह्या मोहानें आम्हीं एकदां प्रत्येक पद्धतीस ‘एम’ म्हटलें. बांधणी निर्विघ्न झाली, पण यंत्र सुरू करितांच, मूळ फाइल-सिस्टीम जोडतां येत नाहीं, असें सांगून कर्नेल थांबला. त्याच डिस्कवर मुलांचें वर्षभराचें काम होतें. आमच्या उरांत धस्स झालें.

कारण साधें होतें. ती डिस्क ईएक्सटी ४ पद्धतीची. ती वाचण्याचें मॉड्यूल त्याच डिस्कवर. पेटीची किल्ली पेटींत ठेवून आम्हीं कुलूप लावलें होतें! मग कर्नेल तरी डिस्कवरून कसा वाचला गेला, असें चौकस विद्यार्थी विचारील. तें काम ग्रब ह्या आरंभक प्रोग्रामचें. त्यास ही पद्धति स्वतंत्रपणें वाचतां येते. परंतु कर्नेलच्या हातीं कारभार देतांच तो बाजूस होतो.

ह्यावर उपाय दोन. मूळ डिस्कच्या पद्धतीस व त्या डिस्कच्या नियंत्रकाच्या ड्रायव्हरास ‘वाय’ म्हणावें. अथवा आवश्यक मॉड्यूलें ‘इनिट-रॅम-एफएस’ ह्या लहान गाठोड्यांत बांधावीं. हें गाठोडें ग्रब कर्नेलबरोबरच स्मृतींत आणून ठेवतो. बाकीच्या पद्धतींस ‘एम’ चालेल.

आणखी एक गोष्ट. व्हीफॅट निवडून भागत नाहीं. तिला अक्षरसारणीही लागते. सामान्यतः ४३७ क्रमांकाची सारणी ठरलेली असते, आणि ती कर्नेलला न मिळाल्यास पेनड्राइव्ह जोडलाच जात नाहीं. तसेंच यूटीएफ-८ ची योजना न केल्यास आपल्या देवनागरी नांवांच्या जागीं प्रश्नचिन्हें उमटतात.

मुलांचें काम मात्र सुखरूप होतें. डिस्कला कांहींच झालें नव्हतें; ती वाचणारा तेवढा नव्हता. जुना कर्नेल आम्हीं काढून टाकला नव्हता, म्हणून ग्रबच्या यादींतून तो निवडतांच यंत्र पूर्ववत् चालूं लागलें. तेव्हांपासून आमचा नियम असा कीं, बांधणीपूर्वीं ‘फाइंडमाउंट’ ही आज्ञा देऊन मूळ डिस्कची पद्धति पाहावी, तिचें उत्तर दोनदां तपासावें, आणि नवा कर्नेल नीट सुरू झाल्यावांचून जुन्यास हात लावूं नये. विद्यार्थ्यांनींही हा नियम पाळावा, इतकीच आमची सूचना आहे.