फुकटचा पियानो, पण जरा थांबा!

तर मंडळी, जुना पियानो बघायला जाताना मी मोबाइलच नेतो. ट्यूनर अ‍ॅप आणि टॉर्च, बास! पहिल्यांदा गेलो तेव्हा मालक म्हणाले, "पैसे नकोत, फक्त घेऊन जा." मी पॉलिशवरच भाळलो होतो.

मधला ए वाजवला. 440 हर्ट्झ यायला हवं, आलं 415. म्हणजे अख्खा अर्धा सूर खाली! आता 88 पट्ट्यांमागे साधारण 230 तारा. त्या ताणून धरणाऱ्या खुंट्या लाकडात ठोकलेल्या असतात. आपल्याकडे ते लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. भोकं सैल झाली की आज ट्यूनिंग केलं तरी थोड्याच दिवसांत परत बेसूर. तारा ताणताना तुटतात ते वेगळंच. खालचं पॅनल काढून टॉर्च मारला, तर फेल्टला कसर लागलेली. वर दोनशे किलोचं धूड जिन्यावरून चढवणार कोण?

म्हणून खिसा हलका असेल तर माझं मत सरळ आहे: सेकंडहँड डिजिटल पियानो घ्या. 88 वेटेड पट्ट्याच हव्यात. प्रत्येक पट्टी हळू आणि जोरात, दोन्ही दाबून बघा. आवाजात फरक पडला नाही तर पुढचा बघा.

तो फुकटचा सोडला मी. दिसायला देखणा होता हो, पण!