मुका सोबती शिकवताना



पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे लोणी-हळदीने मळतो आणि त्याला जेवायचे आवतण देतो. एक दिवस आपण त्याच्याशी माणसासारखे बोलतो. बाकीचे दिवस कसे बोलतो, हा खरा प्रश्न आहे.

समजा, दावणीचा गोऱ्हा तीन वर्षांचा झाला. मृगाच्या आत तो जुवाखाली यायला हवा. पोरगा म्हणतो, "बाबा, हा ऐकतच नाही जी." तो ऐकत नाही, की त्याला कळत नाही? एवढे आधी ठरवा. चार दिवसांच्या घाईत गोऱ्हा बुजला, तर तो भेव लवकर जात नाही. आणि बुजऱ्या बैलाला बाजारात भाव कोण देतो?

बैलाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मान न वळवता त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. दिसत नाही ते फक्त ऐन पाठीमागचे. म्हणून मागून मुकाट्याने गेलात, की तो लाथ झाडणारच. बाजूने या, आवाज देत या, मगच अंगावर हात ठेवा.

दुसरी गोष्ट शब्दांची. थांबायला एक शब्द, चालायला दुसरा. बापाचा एक, मुलाचा निराळा, असे झाले की जनावर गोंधळते. घरात बसून शब्द ठरवा आणि सगळ्यांनी तेच वापरा.

तिसरी गोष्ट कासऱ्याची. थांबवायचे तर कासरा ताणा. पण तो थांबला, की त्याच क्षणी ढिला सोडा. हेच त्याचे बक्षीस! थांबल्यावरही ओढतच राहिलात, तर थांबून काय मिळाले, हे त्याला कळावे कसे?

सुरुवातीला जोडीला जुना, शांत बैल द्या आणि गोऱ्ह्याची बाजू बदलू नका. आधी हलका ओंडका ओढू द्या, मग वखर. गाडी सर्वांत शेवटी. न दिसणारी चाके पाठीमागे खडखडतात, त्याचेच भेव त्याला जास्त.

आणि तुतारीची आर? ती काढून टाका. १९६५ च्या केंद्रीय नियमांनी टोकदार काठीला मनाई केली आहे. गाडी ओढणाऱ्या वा ओझे वाहणाऱ्या जनावराला दिवसात ९ तासांपेक्षा जास्त आणि सलग ५ तासांपेक्षा जास्त राबवायचे नाही. पारा ३७ अंशांवर असेल तर दुपारी १२ ते ३ जुंपायचे नाही, असेही त्यांत आहे. अकोल्याच्या उन्हाळ्यात ३७ म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नको!

आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा शंकरपट तुम्हांला ठाऊकच आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी अशा शर्यतींवर बंदी घातली. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. पट परत आला, पण जनावराला इजा करायची नाही, या अटीवर. खरा धुरकरी आवाजावर जोडी पळवतो. खिळ्यावर पळवण्यात कसली आली विद्या?

तेव्हा बंधूंनो, आवतण वर्षातून एकदा द्या, पण शब्द रोज गोड ठेवा. बैल मुका आहे, बहिरा नाही.