फुकट उपचार, पण दाद कुठे?

रुग्ण आणि कायदा : लेखांक ५

धडगावच्या ग्रामीण रुग्णालयातून एखाद्या बाळंतिणीला ‘रेफर’ केलं, की १०८ सातपुड्याचा घाट उतरून शहाद्याकडे नाहीतर नंदुरबारकडे निघते. पुढे सरकारी दवाखान्यात सोय झाली नाही, तर नातेवाईक खासगी नर्सिंग होम गाठतात. कुणी थेट सुरतेला जातं. त्या धावपळीत कायदा कुणाच्या मनात येणार? पण उपचारात हलगर्जीपणा झाला आणि बाई दगावली, तर दाद कुठे मागायची हे ती कुठल्या दवाखान्याच्या खाटेवर होती यावर ठरतं.

आधी खासगी नर्सिंग होमचं पाहू. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ या खटल्यात पैसे घेऊन केलेला उपचार ग्राहक कायद्याखाली आणला. २०१९ च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यातून डॉक्टरांना वगळावं, ही याचिका मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये फेटाळली, आणि पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयातही ती टिकली नाही.

या नव्या कायद्यातली एक सुधारणा धडगावकरांच्या फार उपयोगाची आहे. पूर्वी दवाखाना ज्या गावात, तक्रारही तिथेच करावी लागे. सुरतेला उपचार झाले तर तारखांनाही सुरतेला जायचं. म्हणजे रोजची मजुरी बुडवून, परक्या राज्यात, परक्या भाषेत भांडायचं. आता तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे नंदुरबारच्या जिल्हा आयोगात, तक्रार दाखल करता येते. बिल पाच लाखांपर्यंतचं असेल तर फी लागत नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. नातेवाइकांनी केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या पावत्या जपून ठेवाव्यात आणि उपचाराच्या नोंदींची नक्कल लेखी मागावी. मागणी केल्यापासून ७२ तासांत ती देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

आता सरकारी दवाखान्याकडे येऊ. धडगाव तालुक्यातली बहुतेक आदिवासी कुटुंबं उपचारासाठी तिथेच जातात, आणि नेमकी तिथेच ही वाट बंद होते. सर्वांना मोफत उपचार देणारं रुग्णालय ग्राहक कायद्याच्या कक्षेत येत नाही, असं शांता खटल्याच्याच निकालात म्हटलं आहे. नोंदणीचे नाममात्र पैसे भरल्याने माणूस ग्राहक ठरत नाही, हेही त्यातच आलं. महाराष्ट्रात तर १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचारच निःशुल्क झाले. निर्णय चांगलाच आहे. पण २०१९ च्या कायद्याने ‘सेवा’ या व्याख्येतून मोफत सेवा वगळलेलीच ठेवली. त्यामुळे ज्याच्याकडे पैसे होते त्याला आयोग मिळाला, ज्याच्याकडे नव्हते त्याला दिवाणी कोर्ट.

दिवाणी कोर्टात काय होतं, ते औरंगाबादच्या एका दाव्यात दिसतं. जुलै १९६३ मध्ये तिथल्या सरकारी रुग्णालयात एका बाईची प्रसूती झाली. तीन दिवसांनी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. त्या वेळी रक्त टिपायचं कापड पोटातच राहिलं. ताप आला, पोट फुगलं, दुसऱ्यांदा पोट उघडल्यावर ते कापड सापडलं. २४ जुलैला ती गेली. नवऱ्याने दावा लावला. खालच्या कोर्टाने ३६ हजार रुपये भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला जबाबदार धरून तो निकाल पुन्हा कायम केला तो २० फेब्रुवारी १९९६ रोजी! मृत्यू झाल्याला तोवर बत्तीस वर्षं उलटून गेली होती. आणि या दाव्यात पोटातून निघालेलं कापड हा पुरावा तरी होता. रक्त मिळायला उशीर झाला, गाडी वेळेवर आली नाही, भूलतज्ज्ञ नव्हता, अशा मृत्यूत बोट नेमकं कुणाकडे दाखवायचं?

अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. हा हक्क जरूर वापरावा. पण वकील फुकट मिळाला म्हणून दाव्याची वर्षं कमी होत नाहीत.

म्हणून कायदा बदलायचा तर तो इथे बदलायला हवा, असं माझं ठाम मत आहे. नुसती मोफत सेवा ग्राहक कायद्यात आणून भागणार नाही. आधीच दुर्गम भागात जायला डॉक्टर तयार होत नाहीत. तिथे एकट्या पडलेल्या तरुण डॉक्टरला आरोपी करून त्या बाईच्या लेकरांना काय मिळणार? दुसरा मार्ग आपल्याकडे आहेच. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशानंतर कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत मृत्यू झाल्यास कुणाचा दोष सिद्ध न करता भरपाई देण्याची योजना देशभर आली. न्यूझीलंडने १९७४ पासून अपघाती इजांसाठी हेच तत्त्व स्वीकारलं, आणि पुढे उपचारातल्या इजाही त्यात घेतल्या. मग नसबंदीत दगावलेल्या बाईच्या घराला जे मिळतं, ते त्याच रुग्णालयात बाळंतपणात दगावलेल्या बाईच्या घराला का मिळू नये? राज्याने जिल्हावार निधी ठेवावा, अर्ज पावरी किंवा भिली बोलणाऱ्या माणसाकडून तोंडी सांगूनही लिहून घ्यावा, आणि निकाल ठराविक महिन्यांत द्यावा. डॉक्टरची चौकशी वेगळी चालू दे, पण भरपाई तिच्यासाठी अडून राहू नये.

पुढच्या लेखांकात : गुन्हा दाखल होतो तेव्हा.