सहा व्होल्टची जावा

हैदराबादेत रात्री काचीगुडा स्टेशनकडून बरकतपुऱ्यात शिरणारी जुनी जावा मोटरसायकल आधी ऐकू येते, मग दिसते. आणि दिसते तीही बेताचीच. सिग्नलला गाडी थांबली की हेडलाइटचा उजेड निरांजनाइतका उरतो, ॲक्सिलरेटर पिळला की पुन्हा वर चढतो. दोष बल्बचा नसतो. क्रँकच्या टोकाला बसलेला डायनॅमो सहा व्होल्टचा, फार तर 45 वॅटचा. प्लगची ठिणगी, हॉर्न, दिवे आणि बॅटरीचं चार्जिंग हे सगळं त्यातच भागवायचं. इंजिन मंदावलं की डायनॅमोही हात आखडता घेतो.

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याने 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला या गाड्या काढल्या. पुढे 1973 पासून त्या 'येझदी' झाल्या आणि 1996 मध्ये कारखानाच बंद पडला. त्यामुळे मालकालाच अर्धा मिस्त्री व्हावं लागतं. बरकतपुऱ्याची सोय अशी की स्पेअर पार्ट्सची पुतलीबावली जवळ, वायर-स्विचसाठी ट्रूप बाजार तिच्याही शेजारी, बेअरिंग नाहीतर विचित्र आट्यांचा बोल्ट हवा असेल तर सिकंदराबादचं राणीगंज.

घरच्या घरी हात घालायचा तो आधी पॉइंटला. डायनॅमोचं झाकण काढलं की दोन छोटे धातूचे ठिपके दिसतात. ते उघडतात त्या क्षणी प्लगमध्ये ठिणगी पडते. कंडेन्सर थकला असेल तर एका ठिपक्यावर बारीक टेकाड उगवतं आणि समोरच्यावर तेवढाच खड्डा पडतो. बारीक पॉलिश पेपरने दोन्ही सपाट करायचे, साध्या कागदाची पट्टी ओढून भुकटी पुसायची आणि फिलर गेज लावून फट 0.4 मिलिमीटरवर आणायची. एवढ्यानेच अनेकदा दहा किकची गाडी दोन किकवर येते. नवा पार्ट आणायच्या आधी हे करून बघावं.

एवढं करूनही दिवा मिणमिणता राहतोच, म्हणून मग बारा व्होल्टचा मोह. त्यामागे साधं गणित आहे. 35 वॅटच्या बल्बला सहा व्होल्टवर सुमारे सहा अँपियर करंट लागतो, बारा व्होल्टवर तीन. करंट निम्मा झाला की तेवढ्याच वायरमध्ये वाया जाणारी वीज चौथ्या हिश्श्यावर येते. पन्नास वर्षांच्या गंजक्या जोडांत हा फरक डोळ्यांना दिसतो. चेकोस्लोव्हाकिया हे जावाचं माहेर; आजच्या चेक प्रजासत्ताकातली व्हेप ही कंपनी जुन्या जावांसाठी असा संच बनवते. डायनॅमो काढून त्या जागी चुंबकाचा अल्टरनेटर बसतो आणि पॉइंटची जागा इलेक्ट्रॉनिक इग्निशन घेतं. मात्र बल्ब, हॉर्न, बॅटरी सगळंच बदलावं लागतं. सहाचा एक बल्ब विसरून राहिला तर पहिल्याच किकला उडतो. या बदलाची खरी गंमत अशी की इंजिनचं कव्हर कापावं लागत नाही. जुना डायनॅमो तेल लावून, फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवला की गाडी केव्हाही मूळ रूपात परत आणता येते.

सायलेन्सरचं तसं नाही. एका सिलिंडरला दोन सायलेन्सर ही जावाची ऐट, आणि नवशिक्याची करवत नेमकी तिथेच फिरते. आतली जाळी काढली की पावर वाढते, ही नुसती समजूत. टूस्ट्रोक इंजिनात धूर बाहेर जाताना पाइपमध्ये दाबाच्या लाटा उठतात; त्यातली परतणारी लाट निसटू पाहणारं ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये अडवून धरते. हे गणित मोडलं की आवाज वाढतो, ओढ कमी होते आणि मूळ सायलेन्सरही हातचा जातो.

पेट्रोलनेही आता एक बदल लादला आहे. 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये जुनं रबर फुगतं, टाकीत ओल धरते. त्यामुळे पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरचे वॉशर इथेनॉल सोसणारे घ्यावेच लागतात. हौस म्हणून नव्हे, गळती टाळायला.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीत बदल होईल असं काही करता येत नाही. 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली. नव्या नोंदणीचे 20,000 रुपये, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. पण अट अशी की गाडीत मोठे फेरफार नकोत, आणि अशी गाडी रोज ऑफिसला न्यायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच काढायची. फडक्यातला तो डायनॅमो अशा अर्जाच्या वेळी डब्यातून बाहेर निघतो.

इतकी ठोकाठोक करणारे एका पार्टला मात्र सहसा हात लावत नाहीत. जावाची किक मारून झाली की तीच दांडी पुढे वळवायची, मग ती गिअरची होते. नव्या माणसाला गाडी चालवायला दिली की तो किक शोधत बसतो, आणि मालक बाजूला उभा राहून हसतो.