तात्या सरपंचांची बोली : मच्छिंद्र कांबळी आणि मालवणी विनोदी नाटक

मराठी नाट्यवाङ्मयाचा इतिहास हा बहुतांशी नाटककारांचा इतिहास आहे. नटाला त्यात स्थान मिळते ते आठवणींच्या ग्रंथांत, फार तर एखाद्या तळटीपेत. गंभीर नाटकाच्या बाबतीत ही वाटणी एक वेळ चालून जाते, कारण तेथे छापील संहिता आणि प्रयोग यांतील अंतर मर्यादित असते. बोलीतील विनोदी नाटकाच्या बाबतीत मात्र ती अभ्यासकाची दिशाभूल करते. ‘वस्त्रहरण’ या नाटकाचे पुस्तक वाचून ज्याने त्याविषयी मत बनवले आणि ज्याने मच्छिंद्र कांबळी यांचा तात्या सरपंच पाहिला-ऐकला, त्या दोघांनी एकच नाटक अनुभवले असे म्हणणे धाडसाचे ठरेल. कांबळी यांची कारकीर्द हा म्हणूनच केवळ नाट्यव्यवसायाचा विषय नाही. बोलीला साहित्यात प्रवेश मिळतो तो कोणत्या अटींवर, हा प्रश्न तिच्याशी निगडित आहे.

मच्छिंद्र कांबळी यांचा जन्म १९४७ साली मालवण तालुक्यातील रेवंडी या गावी झाला. गावची देवी भद्रकाली. पुढे आपल्या नाट्यसंस्थेला त्यांनी तिचेच नाव दिले. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी, कुडाळ या भागांतील असंख्य कुटुंबांप्रमाणे त्यांचीही वाट मुंबईकडे गेली. गिरण्या, गोदी, कचेऱ्या यांतून काम करणारा आणि गणपतीला व शिमग्याला गावी परतणारा ‘चाकरमानी’ हा या भागाच्या सामाजिक रचनेचा कणा होता. परळ-लालबागच्या चाळींत मालवणी बोली जिवंत होती. पण ती दाराआडची बोली होती. शाळेत, कचेरीत, सभेत ती बोलायची नसे. याच वस्तीतून कामगार रंगभूमी, गणेशोत्सवातील नाटके आणि एकांकिका-स्पर्धा यांना नट मिळत होते, प्रेक्षकही मिळत होते.

या प्रेक्षकाची नाटकाची पहिली ओळख दशावताराची. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रांत रात्रभर चालणाऱ्या या खेळाला लिखित संहिता नसते. कोणते आख्यान लावायचे आणि कोणी कोणते सोंग घ्यायचे एवढे ठरते. संवाद नट रंगमंचावर रचतात. मात्र या उत्स्फूर्त संवादाचा एक भाषिक संकेत कटाक्षाने पाळला जातो. देव, राजे, ऋषी आणि राण्या ग्रांथिक, संस्कृतप्रचुर मराठीत बोलतात. ज्या शेतकऱ्याने दिवसभर नांगर धरला तोच रात्री इंद्र होऊन अस्खलित ग्रांथिक मराठी बोलतो, याचे प्रेक्षकाला आश्चर्य वाटत नाही, अभिमान वाटतो. मालवणीला वाव मिळतो तो प्रामुख्याने विनोदी पात्रांच्या तोंडी. आड दशावतारातला संकासुर, काळ्या वेषातला, लांब लाल जीभ लोंबणारा, वेद चोरणारा आणि ब्राह्मणाची खिल्ली उडवणारा, मालवणीत बोलतो. म्हणजे या परंपरेतच बोलीची जागा ठरून गेलेली होती : पूज्य ते प्रमाण भाषेत, हास्यास्पद ते बोलीत. हा संकेत गावाने स्वतःवर लादून घेतलेला आहे, ही गोष्ट विसरून चालणार नाही. प्रमाण भाषेचे दडपण केवळ पुण्या-मुंबईहून आलेले नाही.

शहरी रंगभूमीने हाच संकेत आपल्या पद्धतीने चालू ठेवला. मुंबईच्या मध्यमवर्गीय घरातला कोकणी घरगडी ‘रामा’ या सामान्यनामानेच ओळखला जाई, आणि नाटकातल्या दिवाणखान्यात तो आला की त्याच्या बोलण्यावर हशा ठरलेला असे. या हशात बोली बोलणारा एकटा असतो. त्याच्याभोवती शुद्ध बोलणारे असतात आणि प्रेक्षक त्यांच्या बाजूचा असतो.

या पार्श्वभूमीवर गंगाराम गवाणकर यांच्या ‘वस्त्रहरण’चे महत्त्व ध्यानात येते. गवाणकरांनी ‘आज काय नाटक होऊचा नाय’ ही छोटी नाट्यकृती आधी लिहिली होती. तिचाच विस्तार होऊन हे नाटक सिद्ध झाले. रमेश रणदिवे यांच्या दिग्दर्शनाखाली १९८० साली ते व्यावसायिक रंगभूमीवर आले. त्या वेळी सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वातही नव्हता. रत्नागिरीपासून तो वेगळा झाला १ मे १९८१ रोजी. जिल्ह्याला नकाशावर नाव मिळण्यापूर्वी त्याच्या बोलीला दादरच्या रंगमंचावर मुख्य भूमिका मिळाली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

नाटकाचा घाट साधा आहे. कोकणातल्या एका गावची मंडळी द्रौपदीवस्त्रहरणाचा पौराणिक खेळ बसवतात. आधी तालमी, मग प्रत्यक्ष प्रयोग, आणि प्रत्येक पावलावर घोटाळा. नाटकात नाटक ही युक्ती जुनीच. नवी गोष्ट भाषेच्या पातळीवर घडते. रंगमंचावरची बहुतेक सारी माणसे मालवणी बोलतात, आणि परकी वाटते ती पौराणिक संवादांची ग्रांथिक मराठी. पाठ केलेले भारदस्त वाक्य मालवणी जिभेवर अडखळते आणि त्या अडखळण्याला ‘कित्याक’, ‘खय’, ‘माका’, ‘तुका’ असे रोजचे शब्द वाट करून देतात. प्रेक्षक हसतो तो बोलीला की ग्रांथिक भाषेच्या डौलाला? माझ्या मते ‘वस्त्रहरण’च्या उत्तम क्षणी हसण्याचा रोख दुसऱ्या बाजूला वळतो. बोली हा मोजमापाचा दंड होतो आणि कृत्रिम ठरते ती प्रमाण भाषा. दशावताराचा संकेत येथे उलटा टांगला आहे, आणि तोही दशावताराचेच साहित्य वापरून.

हे उलटे टांगणे यशस्वी होण्यासाठी केंद्रस्थानी असा नट हवा होता, ज्याला स्वतःच्या बोलीची यत्किंचितही लाज नाही. तात्या सरपंच हे पात्र घरगडी नाही, विदूषकही नाही. तो गावचा कारभारी आहे. त्याचा अधिकार खरा आहे आणि तो अधिकार मालवणीतूनच चालतो. नाटकातले गाऱ्हाणे हे याचे उत्तम उदाहरण ठरावे. कोकणातल्या देवळात मानकरी देवापुढे गाऱ्हाणे घालतो. एकेक मागणे संपताच जमलेले लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. हे बोलीतले गंभीर, सामूहिक आणि पवित्र असे वाग्रूप आहे. कांबळी ते उच्चारत तेव्हा लय, श्वासाची लांबी, शेवटच्या अक्षरावरचा आघात हे सारे देवळातलेच असे. बदललेले असे ते मागणे. नाटक नीट पार पडावे म्हणून देवाला घातलेले साकडे प्रेक्षागृहात हशा पिकवी, पण गाऱ्हाण्याच्या रूपाची टिंगल होत नसे. चाळीतून आलेला प्रेक्षक त्याच लयीत प्रतिसाद देण्याच्या बेतात असे. विडंबन आणि अनुष्ठान यांतील सीमारेषा इतकी बारीक ठेवणे हे अभिनयाचे काम आहे; छापील पानावर त्याची खूण उरत नाही.

येथे लेखकत्वाचा प्रश्न उभा राहतो. प्रयोगागणिक कांबळी पदरची वाक्ये घालीत, ताज्या घडामोडींचा उल्लेख करीत, प्रेक्षागृहातून आलेल्या आवाजाला जागच्या जागी उत्तर देत. मराठी नाट्यव्यवहारात याला ‘ॲडिशन’ म्हणतात आणि त्या शब्दात थोडी नाराजी असते. नाटककाराच्या दृष्टीने ती रास्तही आहे. परंतु संहितेविना नाटक करणाऱ्या परंपरेतून आलेल्या प्रेक्षकापुढे हाच नटाचा मुख्य धर्म ठरतो. गवाणकरांनी रचलेला सांगाडा भक्कम होता म्हणूनच ही भर पेलली गेली, आणि भर सतत ताजी राहिली म्हणूनच नाटकाचे पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले. दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात घेतल्याशिवाय या नाटकाचा कर्ता कोण याचे प्रामाणिक उत्तर मिळणार नाही.

नाटकाचा जम प्रारंभी बसला नव्हता. पु. ल. देशपांडे यांनी ते पाहून मनःपूर्वक दाद देणारे पत्र लिहिले, त्याचा जाहिरातीत उपयोग झाला आणि चित्र पालटले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. तिचा एक अर्थ सहसा सांगितला जात नाही. गिरणगावातल्या प्रेक्षकाला हे नाटक समजण्यासाठी कोणाच्या शिफारशीची गरज नव्हती. शिफारस लागली ती पांढरपेशा प्रेक्षकाला. मालवणी न समजणाऱ्या या प्रेक्षकाने पुढे तिची शब्दकळा कानावर बसवून घेतली. लंडनपर्यंत हे नाटक गेले ते या विस्तारलेल्या प्रेक्षकवर्गामुळेच.

आयर्लंडच्या रंगभूमीशी तुलना केल्यास काही गोष्टी स्पष्ट होतील. लंडनच्या रंगमंचावर आयरिश माणूस हा दीर्घकाळ बडबड्या, दारुड्या, हास्यास्पद नोकर होता. आपल्याकडच्या ‘रामा’चाच तो दूरचा भाऊबंद. डब्लिनच्या ॲबी थिएटरने (स्थापना १९०४) हा साचा मोडण्याचा प्रयत्न केला. १९०७ मध्ये जॉन मिलिंग्टन सिंज यांचे ‘द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’ तेथे आले. पश्चिम आयर्लंडच्या खेडुतांची बोली त्यात होती आणि सारा ऑलगुडसारखी अभिनेत्री त्यातील विधवा क्विन साकारीत होती. प्रेक्षागृहात दंगल झाली. आपले ग्रामीण जीवन असे रंगवणे हा राष्ट्राचा अपमान आहे, असे डब्लिनच्या सुशिक्षितांना वाटले. ‘वस्त्रहरण’ने गावचा सरपंच, गावचे देऊळ आणि महाभारत या तिहींना हास्याच्या कक्षेत ओढले, तरी मालवणी माणसाने ते आपले मानले. एक कारण उघड आहे : सिंज हा बाहेरून आलेला, टिपणे काढणारा लेखक होता, तात्या सरपंच रेवंडीचा होता. बोली कोण बोलते यावर त्या हसण्याचा अर्थ अवलंबून असतो.

यशाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. ‘भद्रकाली प्रॉडक्शन्स’च्या झेंड्याखाली कांबळी यांनी ‘पांडगो इलो रे बा इलो’, ‘घास रे रामा’, ‘माझा पती छत्रीपती’, ‘येवा कोकण आपलाच असा’ अशी नाटके रंगभूमीवर आणली. त्यांपैकी कित्येकांची शीर्षके मालवणीच आहेत, आणि जाहिरातीतले शीर्षकच हशाची हमी देणारे होते. ‘येवा कोकण आपलाच असा’ हे तर पुढे पर्यटनाचे घोषवाक्यच झाले. या टप्प्यावर मालवणी ही एक नाममुद्रा बनते. जी बोली ‘वस्त्रहरण’मध्ये प्रमाण भाषेला तपासत होती, ती आता स्वतःच विनोदाचा ठराविक ऐवज होते. काही विनोद तर, विशेषतः स्त्रीवेष आणि स्त्रीदेह यांवर बेतलेले, आज वाचताना थकलेले वाटतात. मुळात सभेत वस्त्रे फेडली जाणारी द्रौपदी हा हशाचा विषय कसा होतो, याचा विचार या नाटकाच्या अभ्यासकांनी टाळू नये.

परिणाम असा की मालवणीतून शोकात्म नाटक लिहिणे अधिकच अवघड झाले. तसे ते पूर्वीही सोपे नव्हते. चिं. त्र्यं. खानोलकर वेंगुर्ल्याजवळच्या बागलांच्या राईचे, जयवंत दळवी आरवलीचे. दोघांच्याही साहित्याची मुळे याच मातीत. पण खानोलकरांच्या ‘कोंडुरा’चे (१९६६) भयकारी कोकण प्रमाण मराठीतूनच आपल्यापर्यंत पोचते, आणि दळवींच्या ‘सारे प्रवासी घडीचे’मध्ये (१९६४) बोली संवादापुरती येते, निवेदक मात्र शहरी मराठीत राहतो. भाषाशास्त्रज्ञांनीही तिला स्थिर घर दिले नाही. ग्रिअर्सन यांनी आपल्या भाषासर्वेक्षणाच्या ७व्या खंडात (१९०५) ती कोकणीच्या पोटात ‘कुडाळी’ म्हणून दाखवली, तर महाराष्ट्रात ती मराठीची बोली म्हणून शिकवली जाते. अशा अधांतरी बोलीला एका नटाने व्यावसायिक प्रतिष्ठा आणि प्रेक्षकांची सवय दिली. त्या सवयीने हास्याचीच अपेक्षा निर्माण केली, याचा सारा दोष त्याच्यावर टाकणे अन्यायाचे होईल. बोलीतून गंभीर लिहिण्याची जबाबदारी लेखकांची होती, आणि त्यांच्यापुढे कान तयार असलेला प्रेक्षक प्रथमच उभा होता.

मच्छिंद्र कांबळी यांचे ३० सप्टेंबर २००७ रोजी मुंबईत निधन झाले. ‘वस्त्रहरण’ त्यानंतरही इतर नटांनी केले; तात्या सरपंच ही भूमिका आता परंपरेने चालत आलेल्या दशावतारी सोंगासारखी झाली आहे. गवाणकरांनी ‘व्हाया वस्त्रहरण’ या आत्मकथनातून आपली बाजू लिहून ठेवली; २०१६ साली ठाण्याच्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपदही त्यांना मिळाले. नटाच्या वाट्याला असे लेखन आले नाही. त्यांचा पाठ उरला आहे तो ध्वनिचित्रमुद्रणात आणि जुन्या प्रेक्षकांच्या स्मरणात. मुद्रित संहिता एका बाजूला ठेवून ध्वनिमुद्रणातला प्रयोग शब्दशः उतरवून घेणे, कोणते वाक्य लेखकाचे आणि कोणते रंगमंचावर जन्मलेले हे शक्य तेथे वेगळे करणे, आणि मालवणी उच्चारांसाठी देवनागरीत काटेकोर लेखनपद्धती ठरवणे, हे काम पीएच.डी.च्या एखाद्या विद्यार्थ्याने हाती घेण्याजोगे आहे. त्यासाठी परळ-लालबागेत आणि मालवण तालुक्यात पहिल्या काही वर्षांचे प्रयोग पाहिलेली माणसे गाठावी लागतील, आणि ती आता सत्तरीच्या पुढे आहेत.